पेटीतला वास

आजारपणानंतर बाबांना वास येईनासा झाला होता, पण ते कबूल करत नव्हते. सिगारच्या दुकानात गल्ल्यामागच्या खुर्चीवर अजूनही तेच बसत. जुनं गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षं मुरवलेल्या सिगारची लाकडी पेटी अभिमानाने उघडली. शेजारी उभ्या मुलीच्या नाकात कुबट वास शिरला. सिगारवर हिरवट लव होती. “बाबा, बुरशी आहे.” “अगं, मुरल्यावर तंबाखूच्या तेलाची अशी साय धरतेच. पुसली की झालं.” “साय हिरवी नसते. हे विकायचं नाही.” “गिऱ्हाइकासमोर माझं नाक कापतेस?” तिने अख्खी पेटी कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. गिऱ्हाईक निघून गेलं. बाबांनी डब्यातली एक सिगार उचलून नाकाशी धरली. “काहीच येत नाही गं,” ते अखेर म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. “बस. उरलेल्या पेट्याही तूच उघड.”