उसातली किंकाळी

छकुलीला भयपटांचं भारी वेड. कळस गावच्या उसात चित्रित झालेला, कोयतेवाल्या खुन्याचा जुना सिनेमा म्हणजे तिच्या मते सगळ्यांचा बाप. नंतरच्या भयपटांनी त्यातलं काही ना काही उचललंच होतं. कुणी मुखवटा, कुणी कोयता, आणि एका बाईची किंकाळी तर सरसकट सगळ्यांनी, जशीच्या तशी. कॉलेजच्या वह्या कोऱ्या, पण ही मोजदाद चोख. आज मोबाईलवर लावलेला सतरावा.

"आजे, ऐक की! काय वरडलीय! आशी नटी पुन्हा झाली न्हाय."

शेंगा फोडणाऱ्या कुशाबाईचे हात थांबले.

"नटी कुठली? मी वरडले हुते ती. शेजारच्या फडात त्यांचं शूटिंग चाललं हुतं. हितं बांधावर तुझा थोरला चुलता झोळीत निजलेला, वर्साचा. त्येला साप डसला. माझं वरडणं त्यांच्या यंत्रात घावलं."

छकुलीने घाईघाईने मोबाईल बंद केला.

"लाव, लाव. मी दर बारीला कान देऊन ऐकते," आजी म्हणाली. "त्या वरडण्याच्या म्होरं मी त्येला 'रतन' म्हनून हाक मारली हुती. एखाद्यानं तरी ती ठेवली आसंल."