बानूबाईचं न्हाणीघर

"अजून चार बोटं खाली," बानूबाई म्हणाली.

मेहमूद मिस्त्रीनं आरसा भिंतीवरून आणखी खाली सरकवला. आता त्याला त्यात स्वतःच्या कमरेचा पट्टा दिसत होता.

"मावशी, तोंड बघायला वाकावं लागंल."

"बसून बगा."

तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. सिमेंटनं माखलेला त्याचा चेहरा बरोबर समोर आला.

"तिथंच ठोका."

मेहमूद वीस वर्षं दौंडात फरशीकाम करत होता. डॉक्टरांची, रेल्वेच्या साहेबांची न्हाणीघरं त्यानं चकाचक करून दिली होती. पण राहू गावातल्या या साठी ओलांडलेल्या बाईसारखं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. सगळा जन्म दगडावर बसून, पोत्याच्या आडोशाला अंघोळ केलेली बाई. शेवटची चार मेंढरं विकून तिनं हे काम काढलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यानं तिच्यापुढं सहा नमुन्याच्या टाइल्स मांडल्या. सगळ्या गुळगुळीत, तोंड दिसेल अशा. बानूबाईनं त्या अंगणात ओळीनं ठेवल्या आणि वर साबणाचं पाणी ओतलं.

"चपला काढून चाला."

दुसऱ्याच टाइलवर त्याचा पाय सटकला. शेवग्याचं खोड धरलं म्हणून तो वाचला. बानूबाई हसली नाही. सहाच्या सहा टाइल्स तिनं बाजूला सारल्या आणि खरखरीत, राखाडी फरशी मागवली.

मग तिनं उंबरा काढायला लावला. दार बाहेरच्या अंगाला उघडेल असं बसवून घेतलं.

"आत कुणी पडलं तर दाराला अडकून बसतंय," ती म्हणाली. "मग बाहेरनं कितीबी ढकला, उगडत न्हाई."

हे मेहमूदला कुठल्या साहेबानं कधी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नळ बसले, तेव्हा तिनं आपला डावा हात पदरानं अंगाशी करकचून बांधला. स्टुलावर बसली, उजव्या हाताला साबण फासला आणि नळ फिरवून पाहिला. गोल मूठ बोटांतून निसटली. तिनं पुन्हा फिरवली, पुन्हा निसटली.

"ह्यो न्हाई चालायचा. दवाखान्यात असतोय तसला आणा, लांब दांडीचा. कोपरानंबी उगडंल असा."

मेहमूद तिच्याकडं बघतच राहिला. "मावशी, तुमची तब्येत तर ठणठणीत हाय. आत्तापासनं कशाला घोर?"

"हात-पाय कवा दगा देतील, कुणी सांगावं?" तिनं पदर सोडला.

"मालक कुठं असत्यात?"

"लांब." ती उठली आणि धरून उठायचा स्टीलचा दांडा किती उंचीवर लावायचा ते वीट धरून दाखवायला लागली.

घरात मात्र कुणाचंच तोंड सरळ नव्हतं. मुलगा भिमा रांजणगावला कंपनीत होता. पाळी संपवून बसमधून उतरला की न्हाणीघराच्या दारात उभा राहायचा, पण आत बघायचा नाही.

"आई, बाहेर गोठ्याशेजारी बांद म्हनलं व्हतं."

"माज्या खोलीला लागूनच पायजे."

"गाव काय म्हनंल?"

"गावाला न्हाई करायची अंगूळ हितं."

भिमा पाय आपटत निघून जायचा. सून साधना चहाचा कप असा ठेवायची की निम्मा बशीत सांडायचा. मेहमूदला वाटायचं, म्हातारी स्वतःच्या मेंढरांवर आपल्या म्हातारपणाची सोय करतेय, तर पोटच्या पोराला तेही खुपतंय. त्यानं मनाशी ठरवलं, या बाईच्या कामात एक सांधाही वाकडा जाऊ द्यायचा नाही.

शोभेच्या पट्टीवरून मात्र दोघांचं जुंपलं. पिवळ्या बारीक फुलांच्या टाइल्स बानूबाईनं स्वतः दौंडला येऊन निवडल्या होत्या. मेहमूदनं त्या डोळ्यांच्या उंचीवर मांडल्या.

"खाली घ्या."

"मावशी, उभ्या माणसाला दिसायची न्हाईत."

"उब्या माणसाला बगायला सारं गाव पडलंय. बसलेल्याला नुसती भितच दिसती. तितं फुलं असू द्या." मग जरा थांबून ती म्हणाली, "आन् कडी आतनं बसवा, हाताला येईल अशी. माणसाला आपली लाज आपल्या हातानं झाकता आली पायजे."

मेहमूदनं पट्टी खाली घेतली.

काम उरकत आलं तशा बायका बघायला यायला लागल्या. खिडकीतून आलेलं ऊन फुलांवर पडलं होतं. शेजारची तुळजाबाई भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "देवळागत वाटतंय गं बानू." तिचे डोळे भरले. तिनं हात जोडले आणि तशीच मागं फिरली. न्हाणीघराला हात जोडणारी बाई मेहमूद पहिल्यांदाच पाहत होता.

शेवटच्या दिवशी तो सांधे पुसत असताना दारात जीप थांबली. भिमा उतरला. मागच्या सीटवरून त्यानं एका वाळलेल्या बाईला उचललं. तिचा डावा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं. भिमानं तिला खाली टेकवलं आणि नजर वळवली. बानूबाईनं तिला काखेत धरलं, पावलापावलानं न्हाणीघरात नेलं. मेहमूद बाहेर सरकला. दार लागलं.

आतून पाण्याचा आवाज आला. मग हुंदके. मग बानूबाईचा आवाज, "रडू नगंस म्हाळसा. पाणी कोमट हाय. घे, तुज्या हातानं घे."

बऱ्याच वेळानं बानूबाई एकटीच बाहेर आली. लुगडं चिंब झालं होतं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं ती भिंतीला टेकली.

मेहमूद थापी हातात धरून उभा होता. हे सगळं दुसऱ्यासाठी होतं, हे त्याला आत्ता उमगत होतं.

"मावशी, एवढं तर सख्खी बहीणबी करत न्हाई. कोण या तुमच्या?"

"बावीस वर्सांमागं माजा नवरा हिच्यापायी घर सोडून गेला," बानूबाई म्हणाली. "आता हिचा हात गेला, तवा हिलाबी सोडून गेला."