एक वेलांटी

“हाथी कहाँ हैं?” ठाणेदारांनी विचारलं.

“अंदर,” वसुधा म्हणाली. “बयालीस हैं.”

ठाणेदारांनी संग्रहालयाच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, शांत आहेत ना. वसुधाने सांगितलं की एकदम शांत आहेत, संगमरवराचे आहेत. फाटकाबाहेर वनविभागाची जीप उभी होती. तिच्यातला माणूस पडल्या चेहऱ्याने जाळं परत गुंडाळायला लागला.

जीपच्या मागे लोक होते. अकरा वाजायचे होते तरी शंभरेक. वसुधाला या नोकरीत आठ महिने झाले होते आणि फाटकाशी इतकी माणसं तिने कधी पाहिली नव्हती. मागच्या वेळी चित्रं लावली तेव्हा सात जण आले होते, त्यातले तीन पाणी प्यायला. ती हसतमुखाने पुढे झाली. तेवढ्यात गर्दीतल्या एका आजोबांनी हातातला पुठ्ठा उंच धरला. त्यावर लिहिलं होतं, पेन्शन दो.

“मैडम,” ठाणेदार म्हणाले, “ये प्रदर्शन है किसके खिलाफ?”

संचालक हेमचंद्र सरांनी वर पाहिलं. फाटकावर वसुधाच्याच हातचा कापडी फलक होता : भेड़ाघाट के हाथियों का प्रदर्शन. सरांनी कपाळाला हात लावला. सर जबलपूरचेच. त्यांच्या घरात सहा पिढ्या मराठी उंबऱ्याच्या आत आणि हिंदी बाहेर, चपलेसारखी. त्यांनी वसुधाला बाजूला घेऊन समजावलं, की तुमच्या अमरावतीत प्रदर्शन म्हणजे भिंतीवर चित्रं. इथे प्रदर्शन म्हणजे रस्त्यावर माणसं. चित्रांची असते ती प्रदर्शनी.

“एक वेलांटी द्यायला काय जात होतं तुझं? आणि वरून रिक्षा काहून फिरवली?”

रिक्षा दोन दिवस फिरली होती, भोंग्यावर वसुधाचाच आवाज लावून. ‘भारी संख्या में पधारें’ हे तिने स्वतःच्या मनाने घातलं होतं. दुसरा इलाजच नव्हता. वर्तमानपत्राने बातमी छापली ती हरवलेल्या म्हशीच्या खाली, आणि फोन आले ते म्हशीसाठी. इन्स्टाग्रामवर अकरा लाइक पडले, त्यातले चार तिच्या आत्याचे, वेगवेगळ्या खात्यांवरून. आणि वरून हुकूम आला होता : अभिप्रायाच्या वहीत आज शंभर नावं पडली नाहीत, तर सोमवारपासून हॉल साड्यांच्या सेलला. सेलवाले कालच येऊन भिंती मोजून गेले होते. हत्तींकडे बघून म्हणाले होते, हे तेवढे बाजूला करा.

हत्ती शालिग्रामभाऊंचे. भेडाघाटला चाळीस वर्षं त्यांनी पर्यटकांसाठी हत्ती घडवले, सगळे वर सोंडेचे, कारण वर सोंड शुभ, तीच खपते. मागच्या वर्षी एका सकाळी त्यांनी एकाची सोंड खाली ठेवली. मग पुढच्याचीही. एकाही दुकानदाराने घेतले नाहीत. वसुधाने बेचाळीसच्या बेचाळीस उचलून आणले. भाऊ आत स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, कुणी येईल म्हणून.

ठाणेदारांनी कागद पुढे केला. लिहून द्या, प्रदर्शन रद्द. सरांनी खिशाचं पेन काढलंसुद्धा.

“होऊन राहिलं ना, सर,” वसुधा म्हणाली. “आता रद्द कसं करता?”

ठाणेदारांनी सांगितलं की पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमवायची नाहीत असा आदेश आहे. वसुधा म्हणाली, चार-चार सोडते. ठाणेदारांनी विचार केला. चौघांविरुद्ध आदेशात काही नव्हतं. मग ते म्हणाले, प्रत्येकाचं नाव-गाव लिहून घ्यावं लागेल, आणि पहिलं नाव जमवणाऱ्याचं.

“लिखिए,” वसुधा म्हणाली.

हवालदार विष्णूने कागद आणला नव्हता. वसुधाने आतून अभिप्रायाची वही आणून दिली. नाव, गाव, अभिप्राय. विष्णूने ‘अभिप्राय’ खोडून वर लिहिलं, किसके खिलाफ. पहिल्या ओळीत पडलं : वसुधा, अमरावती, साड़ी.

मग चार-चार सुरू झाले. शहपुऱ्याचे लोक पाण्यासाठी आले होते, मझौलीचे बससाठी. एक माणूस मेहुण्याविरुद्ध होता. विष्णूने तेही लिहून घेतलं. पोलिसांनी रांगेत घेतलं म्हणून सगळे रांगेतच हिंडले, एकेका हत्तीसमोर थांबत. घोषणा पहिल्या हत्तीपर्यंत टिकल्या. पेन्शनवाले आजोबा नवव्यापाशी थांबले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, मग पुठ्ठा खाली टेकवला आणि तसेच उभे राहिले. पुढचे चौघे त्यांना वळसा घालून गेले.

दोन वाजता गर्दी संपली. विष्णूने बोट लावून मोजलं. नव्याण्णव.

वसुधाने रस्त्यावर पाहिलं. रस्ता रिकामा होता. विष्णू वही मिटत होता, तेवढ्यात त्याचं लक्ष स्टुलाकडे गेलं.

“दादा, आप रह गए. नाम?”

“शालिग्राम. भेड़ाघाट.”

“किसके खिलाफ?”

भाऊंनी आपल्या हत्तींकडे पाहिलं. विष्णू थांबला.

“ऊपर वाली सूँड के,” भाऊ म्हणाले.

विष्णूने शुद्धलेखनासह लिहून घेतलं.

ठाणेदारांची गाडी वळली तशी हेमचंद्र सरांनी शिडी आणि काळा रंग मागवला. वसुधाला म्हणाले, आता तरी ती वेलांटी देऊन टाक, बाई. वसुधा शिडी चढली. सर खालून शिडी धरून होते, त्यामुळे त्यांना दिसायला जरा उशीर झाला.

‘प्रदर्शन’ होतं तसंच होतं. त्याच्यापुढे तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जारी है.