वाटीभर दूध

"आजवर काही झालंय का? मग?" बेकरीवाल्यानं पिठाच्या गोळ्यावर मूठ हाणली आणि विषय संपवला.

माहेरी आलेली मुलगी मात्र हटणारी नव्हती. बाबांच्या फोनवरच्या खात्याचा पासवर्ड बघून तिनं कपाळावर हात मारला होता. दुकानाचंच नाव, बाहेर पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं! त्याच खात्यात आईचे सगळे जुने व्हिडिओ होते, आणि दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला, तो आता तेवढाच उरला होता. रोज पहाटे तो ऐकल्याशिवाय बेकरीवाल्याचा हात पिठात पडत नसे, इतका त्याच्यावर जीव. पण कुलूप माणूस गल्ल्याला लावतो, आवाजाला नाही.

"पासवर्ड बदलते आणि सगळ्याची एक प्रत वेगळी काढून ठेवते. अर्ध्या तासाचं काम आहे, बाबा."

"माझ्या बायकोची बडबड चोरून कुणाला काय मिळणार?"

"त्याला काही मिळालं नाही, तरी आपलं जातंच ना?"

"उगाच साप म्हणून भुई धोपटू नकोस."

गल्ल्यावर बसलेली आई ऐकत होती. ती उठली. भट्टीपाशी मनीची वाटी होती. स्वतःच्या चहाआधी बेकरीवाला त्या मांजरीला दूध घालायचा. आईनं ती भरलेली वाटी उचलली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. मनीनं दुकान डोक्यावर घेतलं.

"अगं, अगं! तिचं दूध का काढलंस?"

आईनं पिठाच्या पोत्यांकडे बोट केलं आणि रिकामे हात हलवले.

"आई विचारतेय, उंदीर कुठायत? मग मनीला दूध कशाला?" मुलगी म्हणाली.

"उंदीर कसे असतील? मनी आहे म्हणून तर..."

आई कमरेवर हात ठेवून उभी होती. बेकरीवाला ओशाळून हसला, हात एप्रनला पुसले आणि फोन मुलीपुढे धरला.

"घे बाई. पण आधी ती वाटी खाली दे."

प्रत निघाल्यावर मुलीनं त्यातला एक व्हिडिओ लावून पाहिला. आईचा खणखणीत आवाज बेकरीभर घुमला, "अहो, गप्पा पुरे! पाव करपतोय!"

बेकरीवाला सवयीनं भट्टीकडे धावला. पाव खरंच करपायला लागला होता. गल्ल्यावर आई तोंडाला पदर लावून गदगदून हसत होती.