चावी काढल्यावर

“चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!” वायरमन ओरडला. हातातली रिलेची पुडी त्याने ट्रकच्या बंपरवर आपटली. “म्हणे हिरवा ट्रक होता! जगात हिरवे ट्रक काय कमी पडलेत?”

समोरची बाई जागची हलली नाही. तिच्याबरोबर आलेले दोघे शेजारी मात्र गॅरेजच्या फाटकापाशीच घुटमळत होते. तिच्या बाहीवर रक्त वाळलं होतं. अर्ध्या तासापूर्वी चौकात एका ट्रकने तिच्या सासऱ्यांच्या हातगाडीला धडक दिली होती. म्हातारा हातगाडीखाली सापडला, मांडीचं हाड मोडलं. ट्रक जरासा मंदावला आणि निघून गेला. नवरा वडिलांना घेऊन दवाखान्यात गेला होता आणि ही ट्रक शोधत निघाली होती.

“या गल्लीत वळताना एकाने पाहिलाय,” ती म्हणाली.

“कोण तो एक? आणा त्याला माझ्यासमोर!”

वायरमनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. गेले चार दिवस तो या ट्रकच्या पोटात डोकं घालून बसला होता. ट्रक त्याच्या धाकट्या भावाचा, आणि वयाने भावाच्याच बरोबरीचा. बेल्टवर फिरणारा जुना पंखा कामातून गेला होता, जरा चढ आला की रेडिएटर उकळायचा. म्हणून पुढे दोन विजेचे पंखे बसवायचं ठरलं. एक जोडून झाला होता. दुसऱ्यासाठी रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारी डबी, कमी पडली, ती आणायला तो सकाळी मोटारसायकल काढून बाजारात गेला आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी परतला. जाताना भावाला दहादा बजावून गेला होता की वायरिंग अर्धवट आहे, गाडी जागची हलवायची नाही.

धाकटा ट्रकच्या पायरीवर बसून नखं कुरतडत होता.

“सांग रे यांना. हलवलीस गाडी?”

“नाही दादा. सकाळपासून इथंच आहे.”

“ऐकलंत?” वायरमन बाईकडे वळला. “माझा भाऊ आळशी असेल, शेखी मिरवत असेल. पण माणसाला रस्त्यात टाकून पळणाऱ्यातला नाही तो. तुमच्यावर प्रसंग आहे म्हणून गप्प बसलोय मी!”

गप्प तो मुळीच बसला नव्हता. समोरच्या घरांच्या खिडक्या एव्हाना उघडल्या होत्या. वडील गेले तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला यानेच वाढवलं, शाळेत घातलं, शाळेतून पळाला तेव्हा बडवलं, आणि शेवटी गाडी चालवायलाही यानेच शिकवलं. भावावर आलेला आळ त्याला आपल्याच थोबाडीत बसल्यासारखा लागत होता.

बाईने ट्रकभोवती एक चक्कर मारली. पत्र्यावर इतके पोचे होते की कुठला ओरखडा जुना आणि कुठला नवा, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ती परत पुढे आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

“चुकलं आमचं, दादा. डोकं ठिकाणावर नाही. वीस मिनिटं पडून होता हो म्हातारा, त्या उन्हात.” तिने हात जोडले आणि ती फाटकाकडे वळली.

तेवढ्यात ट्रकच्या नाकाडात घर्रर्र झालं आणि पंखा सुरू झाला.

बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. गॅरेज म्हटलं की काहीतरी घरघरणारच. शेजाऱ्यांनीही मान वळवली नाही. वायरमन मात्र उभ्या जागी थिजला. पंख्याची वायर त्याने चावीवरून न घेता मुद्दाम थेट बॅटरीवरून घेतली होती. इंजिन बंद केलं तरी आतलं पाणी थोडा वेळ तापतच राहतं. अशा वेळी चावी काढलेली असली तरी पंख्याने आपला आपण फिरावा आणि पाणी निवलं की थांबावं, अशी ती जोडणी होती. सकाळपासून उभ्या गाडीतलं पाणी गार असतं, आणि गार पाण्यावर तो पंखा फिरत नाही.

जोडणी चुकली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. आपली जोडणी चुकलेली असावी असं त्याला जन्मात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. त्याने रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावला आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

धाकटा पायरीवरून उतरून त्याच्याजवळ आला. त्याची नजर जमिनीवर होती.

“दादा, बॅटरीची वायर काढ,” तो पुटपुटला. “त्यांना काय कळतंय यातलं.”

वायरमनचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त आता त्याला खरा पत्ता सापडला होता. याच्या कानाखाली जाळ काढावा, असं त्याला वाटलं. धडक काय, कुणाच्याही हातून बसते. पण ट्रक मंदावला होता, म्हणजे याने आरशात पाहिलं होतं. म्हातारा पडलेला पाहिला, आणि मग पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर ठेवला. तो पाय कुठे आणि किती दाबायचा, हे याला आपणच शिकवलं होतं. भावाची लाज वाटली, आणि मघापासून त्या बाईवर ओरडत होतो त्याची त्याहून जास्त वाटली.

बॅटरी हातापासून वीतभर अंतरावर होती. नुसती एक वायर ओढली असती तर सगळं शांत झालं असतं. बाई फाटकाबाहेर पाऊल टाकत होती.

“ताई!” त्याने हाक मारली. “परत या. इंजिनाला हात लावून बघा, अजून गरम आहे.”