काडी

"नदीम, मागच्या बारीनं तूच याचे स्पीकर बदलवले," वरोऱ्यातल्या माझ्या दुकानात लॅपटॉप ठेवत सोमाजीभाऊ म्हणाले. "पिक्चर लावतो, तं हा मुका. चांगले स्पीकर तूच चोरले." त्यांची नजर स्क्रूड्रायव्हरवरून हलेना. मी हेडफोन लावून पाहिला, पण पिन आत जाईना. त्या भोकात काही अडकलं, की हेडफोन लावलाय असं समजून लॅपटॉप स्पीकर बंद करतो. चिमट्यानं ओढल्यावर कडुनिंबाच्या काडीचा तुकडा निघाला. भाऊंमागे त्यांची पोरगी बारावीचं पुस्तक घेऊन उभी होती. नुकत्याच टोचलेल्या तिच्या नाकात तसलीच काडी होती. "पिक्चर रोज लावता?" मी विचारलं. "रोज. फुल आवाजात," भाऊ म्हणाले. पोरीनं मान खाली घातली. भाऊ स्क्रूड्रायव्हरच राखत होते. मी काडी परत आत सरकवली. "स्पीकर गेले, भाऊ. मार्चनंतर आणा." "म्हनलो ना, चोर तूच." मी लॅपटॉप पोरीच्या हातात दिला.