रंगीत अळू

भात वेळून काढलेली उकळती पेज इंदूने सरळ कुंडीत ओतली. लढाईच्या दिवसांत तांदूळ रेशनचा. एरवी ती पेजेचा थेंब वाया जाऊ देत नसे. पण आज घरात कुणी नव्हतं. सुमंतमास्तर शिकवणीला गेलेले, आणि लीना दिवाळीची अकोल्याला मामाकडे गेलेली.

कुंडी मागच्या पडवीत, उन्हाआड असायची. तिच्यात रंगीत अळू. मोठाली पानं, मधे लालभडक, कडेला हिरवी. मास्तरांच्या पहिल्या बायकोने, सुचित्राने, लावलेलं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. सहा वर्षांची लीना शाळेतून आली की आधी पडवीत पळायची, पानांशी गुलुगुलु बोलायची. घरात आली की मात्र, "इंदूताई, वाढता का?" एवढंच.

वैशाखात लग्न होऊन इंदू नगरला आली, तेव्हापासून तिने पोरीच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसून राहिली. 'आई' अशी हाक काही आली नाही. सवत असावी तर निदान हाडामांसाची तरी! ही मेली कुंडीतली!

दुसऱ्या दिवशी पानांनी माना टाकल्या. इंदू कुंडीपाशी धावली. हे काय करून बसले मी? पोरीजवळ आईचं म्हणून एवढंच तर उरलं होतं! तिने गार पाणी घातलं, पानं काडीला बांधून पाहिली. ती गळालीच.

लीना यायची त्या दिवशी तिला राहवेना. कंद तरी जिवंत असेल, म्हणून तिने माती उकरली. बोट थेट गरात गेलं. कंद अळकुडीसारखा शिजला होता. तिने घाईघाईने वर माती लोटली आणि तिथेच हमसून हमसून रडायला लागली.

"काय झालं?" लीना दारात उभी होती.

"लीने, तुझ्या आईचं झाड... अगं, माझ्या हातून..."

लीनाने कुंडीत डोकावून पाहिलं. मग जवळ येऊन परकराच्या टोकाने इंदूचे डोळे पुसले.

"रडायचं काय त्यात? थंडी आली की ते दरवर्षी असंच झोपतं. मृगाला कोंब येतो. आपण दोघी वाट बघू हं, आई."